एक गाव उठवायचंय, सभ्य शब्दांत

"मला एक गाव उठवायचंय," खिडकीपलीकडचा तरुण म्हणाला. "पण सभ्य शब्दांत. तुमच्याकडे मिळतील का?"

माहिती खात्याच्या चौकशीच्या खिडकीत त्या दिवशी ती बसली होती, ते केवळ एका दाढेमुळे. दाढ खिडकीवरच्या नेहमीच्या बाईंची होती आणि ती काढायला त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. खिडकी रिकामी ठेवायची नाही, असा खात्याचा नियम होता. उत्तर नसलं तरी चालेल, पण खिडकीत माणूस दिसला पाहिजे! म्हणून वरच्या मजल्यावरच्या मसुदा-लेखिकेला खाली आणून बसवलं होतं. लोकांना थेट तोंड द्यायची तिला सवय नव्हती. ती लोकांशी बोलायची, पण कागदावरून आणि सहीसुद्धा दुसऱ्याची.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. केस भिजलेले, शर्ट भिजलेला, आणि शर्टाच्या आत पोटाशी धरलेलं एक पुस्तक... तेवढं मात्र कोरडं ठणठणीत.

"किती घरं?" तिनं विचारलं.

"असतील चाळीसेक."

"रहिवाशांना सांगायचंय, की वर्तमानपत्रांना?"

"फरक पडतो?"

"पडतो तर. वर्तमानपत्रांसाठी आम्ही 'विकास' वापरतो. रहिवाशांसाठी 'सोय'."

त्यानं घाईघाईनं खिशातून पेन्सिल काढली. "आणि बंदुका?"

"बंदुका आहेत?"

"दोन-तीनच. दाखवण्यापुरत्या."

"मग लिहा, 'आवश्यक ते सर्व सहकार्य जागेवर उपलब्ध आहे.'"

त्याची पेन्सिल थांबली. तो तिच्याकडे असा बघत राहिला, की मागे रांगेत उभ्या असलेल्या आजोबांनी खाकरून आपण जिवंत असल्याचं कळवलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "गेले दोन महिने मी तुम्हांला शोधतोय."

आता, सभ्य मुलीनं अशा वाक्यावर लाजावं किंवा शिपायाला हाक मारावी. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिनं विचारलं, "अर्ज केला होतात का?"

*

तो अनुवादक होता. त्याच्याकडे एका इंग्रज लेखकाचे निबंध आपल्या भाषेत आणायचं काम होतं. लेखकाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या स्वतःच्या देशातही त्याला कोणी ओळखत नाही. तरुणपणी हा गृहस्थ साम्राज्याच्या कुठल्याशा दूरच्या वसाहतीत मोजणीखात्यात नोकरीला होता. साखळी टाकायची, जमीन मोजायची, आणि साहेबाच्या नकाशात एखादं गाव आडवं आलं तर ते गाव हलवायचं. गाव हललं की दप्तरात लिहायचं, 'नकाशा दुरुस्त केला.' पुढे नोकरी सोडून तो मायदेशी परतला आणि उरलेलं आयुष्य एकच गोष्ट लिहीत बसला. त्याचं म्हणणं असं, की साम्राज्य बंदुकीवर चालतं हा गैरसमज आहे. बंदुकीला माणूस ओळखतो, तिला बघून पळतो, कधी उलटूनही येतो. साम्राज्य चालतं ते वाक्यांवर. गोड, लांब, बिनहाडामांसाच्या वाक्यांवर.

"माझी पंचाईत अशी आहे," अनुवादकानं सांगितलं, "की लेखकाचं सरळ इंग्रजी मला येतं, आणि तो ज्या वाक्यांना शिव्या घालतो ती वाक्यं मला आपल्या भाषेत जमत नाहीत. खोटं बोलायला गेलो, की माझी भाषा खऱ्यासारखी निघते."

"सवय लागते," ती समजुतीच्या सुरात म्हणाली.

असं ते सुरू झालं. रोज संध्याकाळी खातं सुटलं, की समोरच्या कॅन्टीनमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी तो पुस्तक उघडून बसायचा. काचेवरून पावसाचे ओघळ चालू असायचे. तो एक ओळ वाचायचा आणि चहाचा घोट घेता घेता ती तिचं भाषांतर करून टाकायची.

"'सैनिकांनी विहिरी बुजवल्या.'"

"जलस्रोतांचं सपाटीकरण."

"'लोकांनी तीन दिवस काही खाल्लं नव्हतं.'"

"आहारविषयक तात्पुरतं समायोजन."

"'बायका रडत होत्या.'"

"भावपूर्ण वातावरणात निरोप." तिनं बिस्किट चहात बुडवलं. "हे सोपं होतं. अवघड काहीतरी द्या की."

तो हसायचा, पण हसता हसता त्याच्या कपाळावर आठी पडायची. एकदा त्यानं विचारलंच, "तुम्हांला काही वाटत नाही हो, हे असं बोलताना?"

"भूल देणाऱ्या डॉक्टरला वाटतं का? लोकांना कमी दुखावं म्हणून मी आहे."

"भूल देण्याआधी डॉक्टर सांगतात तरी, की पोट कापणार आहे म्हणून."

तिनं त्याच्या बशीतलं बिस्किट उचललं आणि खाऊन टाकलं. आमच्याकडे प्रेमाची सुरुवात ओळखायची ही एक खात्रीची खूण आहे.

त्यानं तिचं नाव 'राजपत्र' ठेवलं. "राजपत्र आज उशिरा निघालं?" असं तो विचारायचा. ती म्हणायची, "छपाईत होतं." एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तो पुस्तक मिटून म्हणाला, "आता एक माझं वाक्य. लेखकाचं नाही. 'मला तुमच्याबरोबर पावसातून चालत घरापर्यंत यायचंय.' करा बघू."

तिचे कान तापले. तरी आवाज तिनं खात्याचाच ठेवला. "उभयपक्षी सोयीचा संयुक्त पाहणी दौरा... प्रस्ताव विचाराधीन आहे."

"विचाराधीन म्हणजे किती दिवस?"

"आमच्याकडे माणसं निवृत्त होतात, प्रस्ताव होत नाहीत."

"मग मी तोवर छत्री उघडून उभा राहतो."

छत्री तिचीच होती. दारातच वाऱ्यानं ती उलटी केली, दोन काड्या मोडल्या, आणि दोघं तशीच चिंब भिजत गेली. तिच्या फाटकाशी तो म्हणाला, "छत्री द्या इकडे. आमची आत्या हेच करते."

"उलटी करते?"

"सुलटी करते. छत्र्या दुरुस्तीचं दुकान आहे तिचं. खाली दुकान, वर आम्ही."

*

याच सुमाराला तिच्या टेबलावर एक काम आलं होतं. फाइलवर लिहिलेलं होतं, 'कालवाकाठ, भाग ब.' कालवा शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. भाग ब म्हणजे नेमका कुठे, हे फाइलमधल्या नकाशावरून कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही तिला कधी पडली नव्हती. काम साधं होतं. कालव्याच्या कडेनं मोठा रस्ता जायचा होता. घरं पाडायची होती. लोकांना शहराबाहेरच्या उंच इमारतींत हलवायचं होतं. आणि हे त्यांना कळवायचं होतं.

खात्याच्या उपसंचालकांना 'हरकत' या शब्दाचं वावडं होतं. "लोकांच्या डोक्यात आपण कशाला घालायचं, की इथं हरकत घेण्यासारखं काही आहे?" असं ते म्हणत. तेव्हा तिनं जुन्या नमुन्यातला 'हरकती' हा शब्द काढला आणि तिथं 'सूचना' घातला. शब्द बसला, वाक्याला चाल आली. 'आपल्या परिसराच्या नव्या रूपात आपलाही सहभाग असावा, यासाठी रहिवाशांनी आपल्या मोलाच्या सूचना शुक्रवारपर्यंत कळवाव्यात.' घरं पाडण्याचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात 'विद्यमान बांधकामांचं सुयोग्य नियोजन' या नावानं आला आणि कुणाला धक्का न लावता निघून गेला. उपसंचालक खूश झाले. तीही झाली. चांगलं काम केल्यावर माणूस खूश होतो. काम कशाचं आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तर इतकं लपवावं, की गवळणीला वाटलं पाहिजे बाई सहज गप्पा मारायला आली.

*

रविवारी दुपारी ती छत्री आणायला गेली. कालव्याच्या पुलावरून खाली उतरताना तिला काही वाटलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हाही नाही. दुकानाच्या छताला उघड्या छत्र्या उलट्या लटकत होत्या, काळ्या, निळ्या, एक लाल. आणि त्यांच्या खाली, गिऱ्हाइकांना दिसेल अशा जागी, भिंतीला चिकटवलेला तिचाच कागद होता.

ती दारातच उभी राहिली.

"ये ये, आत ये, भिजू नकोस," आत्या ओरडल्या. चष्मा दोरीनं बांधलेला, तोंडात दोन खिळे, आणि त्यामुळे प्रत्येक वाक्य दातांतून चाळून येत होतं. "हीच का रे ती? तू म्हणालास उंच आहे."

"आत्या, मी म्हणालो हुशार आहे."

"तेच ते. मला काय, छत्रीएवढी असली म्हणजे झालं. बस गं." त्यांनी खिळे तोंडातून काढून ओंजळीत घेतले. "तू त्या माहितीच्या हापिसात ना? मग हा कागद वाचून सांग मला नीट. याला दहा वेळा म्हटलं, तर हा म्हणतो मला साहेबाचं पुस्तक संपवायचंय."

"वाचतो गं. घरचा कागद आहे, पळून जातोय का?" अनुवादक चहा ओतता ओतता म्हणाला.

"मी आपला जमेल तसा वाचला," आत्या पुढे म्हणाल्या. "सगळं काही डोक्यात शिरलं नाही. पण लिहिलंय किती गोड! 'आपल्या मोलाच्या सूचना.' अगं, पंचवीस वर्षं इथं राहतेय. मोलाचं काय, फुकटचंसुद्धा कुणी विचारलं नाही आम्हांला. ज्यानं लिहिलंय ना, तो कुणीतरी चांगल्या घरचा असणार बघ."

तिच्या अंगावरून काहीतरी सरसरत गेलं. ते अर्धं भय होतं. पण अर्धा आनंद होता, हे तिला लपवता येईना. इतकी वर्षं ती लिहीत होती. बातमी दुसऱ्याच्या नावे जायची, सही उपसंचालकांची असायची. तिच्या लिहिण्याला कोणी चांगलं म्हटलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"मी सूचना दिलीसुद्धा," आत्या म्हणाल्या. "कालव्याकडेला एक बाक टाका म्हणावं. पलीकडच्या आजोबांनी दिवा मागितलाय. कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं झोपाळा. बरं केलं ना?"

तिनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. 'आत्या, घर पाडणार आहेत. शुक्रवारच्या आत हरकत घ्या.' एवढंच. शाळेतल्या पोरालाही जमावं असं.

त्याच वेळी त्यानं तिच्यासमोर कप ठेवला, आणि ठेवताना त्याची बोटं तिच्या बोटांवर क्षणभर... जरूर नव्हती इतकी रेंगाळली. आत्यांनी ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं करून लाल छत्रीत डोकं घातलं. बाहेर पाऊस पडत होता. दुकानात चामड्याचा आणि चहाचा वास होता. या घरात तिला बसायला जागा मिळाली होती. आणखी एक दुपार, तिला वाटलं. एवढी एकच दुपार हे असंच राहू दे.

"चांगली सूचना आहे," ती म्हणाली. "अजून... पहिलाच टप्पा आहे, आत्या. काळजी करण्यासारखं आत्ता काही नाही."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" आत्या भाच्याला म्हणाल्या. निघताना त्यांनी छत्री दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. "घरच्यांकडून घेतात होय?"

परत जाताना पुलापर्यंत तो सोबत आला आणि वाटेत पुढच्या निबंधाबद्दल सांगत राहिला. त्या निबंधात तो इंग्रज एका गावाला नोटीस वाचून दाखवतो. नोटीस इतकी सुंदर असते, की गावचा मुखिया खूश होऊन त्याला मधाचं मडकं पाठवतो. इंग्रज तो मध खातो. पुढे म्हातारपणी लिहितो, की त्यानंतर मला गोड सोसलं नाही.

"का खाल्ला असेल हो त्यानं?" अनुवादकानं विचारलं. "नाही म्हणता आलं नसतं? मला त्या माणसाचं मनच कळत नाही तिथं. म्हणून वाक्य अडलंय."

ती छत्रीची मूठ घट्ट धरून चालत राहिली. "भूक लागली असेल," ती म्हणाली.

*

सोमवारी ती उपसंचालकांपुढे उभी राहिली. "सर, भाग ब च्या निवेदनात एक ओळ वाढवायला हवी. लोकांना अर्थ लागलेला नाही. ते बाक मागताहेत."

"बाक? उत्तम!" उपसंचालकांनी कागद पुढे ओढले. "हे बघा, सूचना प्राप्त, एकतीस. हरकती, निरंक. निरंक, बाई! तीस वर्षांच्या नोकरीत मी असा शब्द त्या रकान्यात पाहिलेला नाही. ही सगळी तुमची कमाल."

"पण सर, तो रकाना रिकामा आहे तो मी शब्द बदलला म्हणून..."

"तेच तर म्हणतोय. बसा, पेढा... नाही, पेढे संपले. बसा नुसत्याच."

त्याच दुपारी तिला खात्याच्या 'सुबोध लेखन सप्ताहा'चं प्रशस्तिपत्र मिळालं. सुबोध कसं लिहावं, याचं चाळीस पानी परिपत्रक त्याबरोबर जोडलेलं होतं. ते कुणालाच समजलं नव्हतं.

म्हणजे आता सांगायचं तर तिनंच, आणि स्वतःच्या तोंडानं. मंगळवारी ती कॅन्टीनमध्ये ठरवून गेली, तर तो आला नाही. प्रकाशकानं बोलावलं होतं. बुधवारी तो आला, पण आत्या बरोबर होत्या, बाजारात दोरा घ्यायला आलेल्या. गुरुवारी तो एकटा होता. पुस्तक टेबलावर नव्हतं.

"संपलं," तो म्हणाला. "काल शेवटचं पान केलं."

"मला तुम्हांला काहीतरी..."

"आधी मी. नाहीतर माझा धीर सुटेल." त्यानं चमचा उचलला, बशीत ठेवला, परत उचलला. "मी दिवसभर दुसऱ्याची वाक्यं उलटीसुलटी करतो. स्वतःचं एक सांगायचंय आणि ते वळसे न घेता सांगायचंय. मला तू आवडतेस. फार. लग्नाचं विचारायचं तर... विचारतोय. एवढंच."

तुम्हीचं तू झालं होतं, आणि ते इतकं हळूच झालं होतं, की खुर्ची सरकल्याचाही आवाज आला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरचा माणूस आनंदानं वेडा व्हायच्या बेतात होता. आता याच्या तोंडावर सांगायचं, की तुझं घर मी पाडतेय?

"तू काहीतरी सांगत होतीस."

"उद्या," ती म्हणाली. "उद्या सांगते."

उद्या शुक्रवार होता, हे तिला ठाऊक होतं. शुक्रवारी सकाळी तिला ताप भरला. खरा की मनाचा, ते डॉक्टरांनाही ठरवता आलं नाही. अंथरुणावर पडून ती घड्याळाकडे बघत राहिली. तिचे बाबा उशाशी बसून म्हणाले, "काय गं, हापिसात काही झालं का?" ती म्हणाली, "काही नाही." साडेपाचला खातं बंद झालं. ताप उतरला.

*

शनिवारी ती दुकानात गेली. आत्या बाजारात गेल्या होत्या. तो शिडीवर चढून एक छत्री काढत होता. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की तिनं बोलायला वेळच लावला नाही. लावला असता तर आजही राहिलं असतं.

"हे घर पाडणार आहेत. सगळी गल्ली पाडणार आहेत. हा भिंतीवरचा कागद मी लिहिलाय. हरकत घ्यायची मुदत काल संपली. मला रविवारपासून माहीत होतं."

तो शिडीवरून एकेक पायरी उतरला. कागदापाशी गेला. पहिल्यांदाच तो कागद त्यानं वाचला, वरपासून खालपर्यंत, सहीसकट. मग तिसरा परिच्छेद पुन्हा वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मनात तो भाषांतर करत होता.

"इतकी सरळ वाक्यं तुला येतात, हे मला माहीत नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"काल येत नव्हती."

"रविवारी इथंच बसली होतीस. या स्टुलावर."

"हो."

"आत्यानं विचारलं होतं तुला."

"हो."

"का?"

तिनं खूप शोधलं. शब्दांचा तुटवडा तिला आयुष्यात पहिल्यांदा पडत होता. "तुमच्या घरात मला बरं वाटत होतं," ती म्हणाली. "ते तसंच राहावं, असं वाटलं."

तो त्या स्टुलावर बसला आणि अचानक हसायला लागला. ते हसू ऐकवत नव्हतं. "आणि मी! सातासमुद्रापलीकडच्या मेलेल्या गावाची नोटीस मी महिनाभर चाळतोय. दारावरची वाचली नाही. आत्या दहा वेळा म्हणाली. दहा वेळा!"

"तुमची चूक नाही."

"आहे. तू ती हलकी करू नकोस. आज तरी नको."

सोमवारी ती सगळ्या गल्लीला घेऊन खात्यात गेली. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंची दाढ आता बरी होती. त्यांनी विचारलं, "आधी का नाही आलात?"

"आधी बाकासाठी बोलावलं होतं," आत्या म्हणाल्या.

तिनं उपसंचालकांना लेखी दिलं, की निवेदन फसवं होतं आणि ते आपण लिहिलं. उपसंचालकांनी ते दुःखानं वाचलं. लेखन फारच उघडं आहे, असं म्हणाले आणि तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणीकडे केली. तिथं वाक्यं आखूड असतात. जन्मला. वारला. कुणी 'जीवनविषयक स्थलांतर' असं म्हणत नाही. मुदत मात्र वाढली नाही.

*

गल्ली रिकामी व्हायच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. ट्रकमध्ये कपाट, दोन पलंग, शिवणाचं यंत्र, पुस्तकांची खोकी, आणि सगळ्यांत वर छत्र्यांचा भारा बांधलेला. नवी जागा आठव्या मजल्यावर होती. छत्री दुरुस्त करायला आठ मजले कोण चढणार, हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

ती गेली. जाऊ नये असं बाबा म्हणाले होते, तरी गेली.

आत्या ट्रकच्या पुढच्या बाजूला, चालकाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला शिव्या घालायचं मनात होतं, पोरी," त्या म्हणाल्या. "रात्रभर जुळवत होते. पण तुझ्यासारखं मला जुळत नाही." आणि त्यांनी मान पलीकडे वळवली.

तो मागच्या फळीची कडी लावत होता. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "त्या गुरुवारी सांगायला हवं होतं. दोन्ही गोष्टी सांगायला हव्या होत्या, आणि ही दुसरी होती."

त्याची मान खाली होती. कडी लागत नव्हती, की लागली होती आणि तो सोडत नव्हता, कोण जाणे.

"मलाही तुम्ही आवडता," तो म्हणाला. तूचं पुन्हा तुम्ही झालं होतं. "पण आत्यासमोर जेवायला तुम्हांला घेऊन बसणं मला जमणार नाही. आज नाही, आणि खोटं कशाला सांगू... पुढंही नाही."

तिनं सवयीनं ते वाक्य उलटून पालटून पाहिलं. कुठे एखादा मऊ शब्द, कुठे एखादी फट, 'तूर्तास', 'सध्याच्या परिस्थितीत'. काही नव्हतं. चांगलं लिहिलेलं वाक्य होतं.

"पुस्तक?" तिनं विचारलं.

"छापतायत. मधाचं ते वाक्य जमलं मला."

चालकानं किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा बंद. चालकानं खिडकीतून डोकं काढलं. "बॅटरी बसलीय. धक्का मारावा लागेल, साहेब. माणसं आहेत का?"

गल्लीत माणसं उरली नव्हती. पलीकडचे आजोबा पायरीवर बसून होते, पण त्यांना ढकलायलाच माणूस लागत असे. अनुवादकानं बाह्या सरसावल्या आणि मागच्या फळीला हात लावले. तिनं पर्स खांद्यावर अडकवली आणि त्याच्या शेजारी हात लावले.

"राहू द्या," तो म्हणाला.

"एकट्यानं हलणार नाही."

ते खरंच होतं. दोघांनी खांदे टेकवले. ट्रक आधी जागचा हलेना. मग इंचभर सरकला, मग हातभर. तिची चप्पल चिखलात घसरत होती. त्याचा श्वास तिच्या कानाशी होता. इतक्या जवळ ते कधी आले नव्हते, पावसातून चालतानासुद्धा नाही. गल्लीचा उतार लागला तसा ट्रक वेग घेऊ लागला. तिच्या मनात आलं, आता आपण हात काढून घेतले तर? ट्रक थांबेल. थोडा वेळ तरी थांबेल.

तिनं सगळा जोर लावला.

इंजिन धडधडून सुरू झालं. "चढा चढा, थांबवत नाही आता, परत बंद पडेल!" चालक ओरडला. अनुवादक धावला, फळी पकडली, पाय टाकून वर चढला. काही बोलायला वळला असावा, पण छत्र्यांचा भारा मध्ये होता आणि धूर होता. ट्रक वळणावर गेला, पूल चढला, दिसेनासा झाला.

आजोबा पायरीवरून म्हणाले, "जोर आहे हो तुमच्यात, बाई."

ती तिथेच उभी होती, हात अजून पुढे धरलेले, तळवे काळे झालेले.

"आहे," ती म्हणाली.